बिट-सखोलता, कृष्णधवल छायाचित्रणातील

अंकीय छायाचित्रातील प्रत्येक चित्रबिंदूची उजळता दर्शविण्यासाठी वापरलेल्या द्विमान अंकांची (बिटांची) संख्या म्हणजे बिट-सखोलता होय. एका बिटाने केवळ काळा व पांढरा हा भेद दाखविता येतो. प्रत्येक वाढीव बिटाबरोबर छटांची संख्या दुप्पट होते. त्यानुसार ८ बिटांनी २५६, १२ बिटांनी ४,०९६ व १६ बिटांनी ६५,५३६ छटा मिळतात.

रंगीत छायाचित्रात लाल, हिरवा व निळा या घटकांना प्रत्येकी ८ बिट दिल्यास सु. १ कोटी ६८ लाख रंग संभवतात. शुद्ध करड्या छटेत तिन्ही घटकांची मूल्ये समान असल्याने २५६ छटाच उरतात. म्हणून छटांची उणीव कृष्णधवल चित्रात लवकर जाणवते.

कॅमेऱ्यातील संवेदकाची नोंद प्रकाशाच्या सम प्रमाणात असते. १२ बिटांच्या नोंदीतील निम्मी, म्हणजे २,०४८ मूल्ये सर्वांत उजळ भागालाच लाभतात. प्रकाश निम्मा होत जाईल, तसतशी ती १,०२४, ५१२, २५६ अशी घटतात व सावल्यांच्या वाट्याला थोडीच येतात.

धुक्यातील दृश्याने ८ बिटांपैकी केवळ ६४ छटा व्यापल्या असतील, तर उठाव आणण्यासाठी त्या पूर्ण पल्ल्यावर ताणल्या, तरी त्या ६४ च राहतात. परिणामी आकाशासारख्या सलग भागात पट्टे उमटतात. असे चित्र नंतर १६ बिटांत रूपांतरित केल्याने गमावलेल्या छटा परत मिळत नाहीत. पुढील हानी तेवढी टळते.

शाईचे थेंब फवारणाऱ्या (इंकजेट) मुद्रकात एका जागी थेंब पडतो किंवा पडत नाही. त्याचे आकारमानही मोजकेच असते. करडेपणाचा भास थेंबांच्या विरळ-दाट मांडणीने साधला जातो. फ्लॉइड व स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका बिंदूवरील त्रुटी शेजारच्या बिंदूंवर वाटून दिली जाते. केवळ काळी शाई वापरल्यास उजळ भागात ठिपके दिसू शकतात. रंगीत शायांच्या मिश्रणाने करडा रंग साधल्यास प्रकाशस्रोतानुसार त्यात रंगाची झाक येऊ शकते. यावर उपाय म्हणून सौम्य करड्या शाया वापरात आल्या. २००५ मध्ये एप्सन कंपनीने तीन घनतांच्या काळ्या शायांचा संच आणला.

काळजीपूर्वक संस्कारित केलेल्या चित्राच्या अंतिम मुद्रणास ८ बिट सामान्यतः पुरतात. अधिक बिटांचे खरे महत्त्व त्यापूर्वीच्या नोंदणीत व संस्करणात आहे.