एका हिवाळ्याचे दोन दावेदार

मेलबर्न शहरात जागोजागी पसरलेली हिरवी लंबवर्तुळाकार मैदाने उन्हाळ्यात क्रिकेटच्या आणि हिवाळ्यात ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलच्या, म्हणजे तेथील लोकांच्या लाडक्या ‘फुटी’च्या वहिवाटीत असतात, आणि ही वहिवाट इतकी जुनी आहे की तिच्यावर कोणी दावा सांगेल ही कल्पनाच तेथील कित्येक पिढ्यांना शिवली नव्हती. आज तो दावा सॉकरने, म्हणजे आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्या खेळाने, सांगितला आहे. फिर्याद कोणत्याही न्यायालयात दाखल नाही. तिचा निकाल दर शनिवारी-रविवारी सकाळी पाच-सहा वर्षांची मुले कोणत्या मैदानाकडे धावतात यावर ठरत असतो. या चढाओढीवर लिहावे अशी सूचना संपादकांनी केली तेव्हा कागदपत्रे, करारनामे आणि आकडे यांचा ढीग पुढ्यात येणार हे उघड होते, व तसा तो आलाही. परंतु माझे लक्ष ज्याने बांधून ठेवले ती गोष्ट त्या दप्तरात नव्हती. लांबट चेंडू हातातून पायावर सोडण्याची एक विलक्षण हट्टी कला, ती ही गोष्ट.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे. 10 जुलै 1858 रोजी टॉम विल्स या नामांकित क्रिकेटपटूचे एक पत्र मेलबर्नच्या क्रीडापत्रात प्रसिद्ध झाले आणि हिवाळ्यात क्रिकेटपटूंची शरीरे आळसावू नयेत म्हणून फुटबॉलचा संघ काढावा अशी तजवीज त्याने सुचविली. 17 मे 1859 रोजी मेलबर्न क्लबाने नियमांचा मसुदा मंजूर केला; लंडनच्या फुटबॉल असोसिएशनचे नियम 1863 चे, म्हणजे हा खेळ सॉकरच्या लिखित नियमांहून चार वर्षांनी वडील ठरतो. विल्सचे बालपण जाब वुरुंग या आदिवासी समाजाच्या सहवासात गेले होते, आणि त्या प्रदेशातील ‘मार्न ग्रूक’ या प्राचीन चेंडूखेळाचा फुटीवर कितपत संस्कार झाला याविषयी विद्वानांत आजही तीव्र मतभेद आहेत. पुढे 1897 मध्ये व्हिक्टोरियन लीगचा पहिला हंगाम झाला, 1990 मध्ये तिचे नामांतर ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग (एएफएल) असे झाले, आणि 1970 च्या अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट मैदानावर 1,21,696 प्रेक्षक जमल्याची नोंद आजवर कोणी मोडलेली नाही.

सॉकरचा इतिहास निराळ्या बंदरावर उतरला. तो खेळ तेथे पूर्वीपासून होता. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर जहाजे भरभरून आलेल्या ग्रीक, इटालियन, क्रोएशियन व हंगेरियन स्थलांतरितांनी त्याला नवा प्राण दिला, आणि त्यांचे संघ हे परक्या मुलखात मायबोली कानावर पडण्याचे, नोकरीची खबर मिळण्याचे आणि मुलामुलींचे विवाह जुळण्याचे ठिकाणही बनले. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. सॉकर हा उपऱ्यांचा खेळ, अशी हेटाळणी दीर्घकाळ चालू राहिली, आणि राष्ट्रीय संघाचा एके काळचा कर्णधार जॉनी वॉरन याने त्या हेटाळणीतील शिव्यांनाच आपल्या आत्मचरित्राचे शीर्षक करून समाजापुढे आरसा धरला. 1974 नंतर विश्वचषकाचे दार पुन्हा उघडण्यास बत्तीस वर्षे लागली. 16 नोव्हेंबर 2005 च्या रात्री सिडनीत उरुग्वेविरुद्ध जॉन अलोइझीची पेनल्टी जाळ्यात गेली आणि उपऱ्यांचा तो खेळ एका रात्रीत साऱ्या राष्ट्राचा झाला.

आता त्या चेंडूकडे वळतो. फुटीने मुलांसाठी उभारलेल्या ‘ऑसकिक’ या उपक्रमात साधारणतः पाच ते बारा वर्षांची मुले येतात, आणि त्याचा सारा कारभार मानधन न घेणारे आईबाप चालवितात. जुलैच्या बोचऱ्या सकाळी, दवाने भिजलेल्या गवतावर रंगीत शंकू मांडून एक मध्यमवयीन बाई सात-आठ मुलांना ‘ड्रॉप पंट’ शिकवीत होत्या. चेंडू दोन्ही हातांत उभा धरायचा, दोऱ्यांची बाजू समोर; पाऊल पडताच डावा हात बाजूला न्यायचा आणि उजव्या हाताने चेंडू खाली सोडायचा, फेकायचा नाही; तो जमिनीला लागण्यापूर्वी ताणलेल्या पावलाने त्याच्या खालच्या टोकाशी आघात करायचा, म्हणजे तो उलटा गिरक्या घेत, टोकावर टोक पडत, सरळ रेषेत जातो. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात हात चेंडू सोडतो आणि पाय त्याला गाठतो त्या क्षणार्धात चेंडू बोटभर जरी कलला तरी तो भलत्याच दिशेला भरकटतो. त्या बाई एका मुलाच्या मनगटाला आपल्या बोटांचा आधार देत पुन्हा पुन्हा एवढेच सांगत होत्या, की पायाकडे पाहू नकोस, हाताकडे पाहा. मारण्याचे रहस्य सोडण्यात आहे हे त्या मुलाला शब्दांनी उमगले नसावे. परंतु कधीतरी एकदा चेंडू नीट गिरकी घेत गेला, आणि तो मुलगा आपल्या हाताकडे असा पाहू लागला की जणू तो हात दुसऱ्याच कोणाचा आहे.

येथेच या चढाओढीचे खरे मर्म आहे. सॉकरचा चेंडू जमिनीवर लोळतो, पायाशी सलगी करतो, आणि त्या सलगीसाठी लहानपणीची वर्षे अखंड द्यावी लागतात; फुटीचा चेंडू हातातून पायावर येतो, धावताना पंधरा मीटरांच्या आत एकदा जमिनीवर टेकवून पुन्हा हाती घ्यावा लागतो, आणि उंच उडी मारून आकाशातच झेलला तर ‘मार्क’ म्हणून निर्वेध किकचा हक्क देतो. दोन्ही विद्या अंगी मुरायला एकच वय लागते. मुलांचे हे दोन्ही खेळ एकाच हिवाळ्यात, बहुधा एकाच सकाळी भरतात, त्यामुळे घराघरांत निवड करावीच लागते.

मैदानाच्या कडेला कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले एक गृहस्थ भेटले. पेठापेठांच्या तालमींच्या फुटबॉलवर पोसलेला हा माणूस मुलाला सॉकरकडेच नेईल असा माझा अंदाज होता. ते म्हणाले, “धाकटा सॉकर खेळतो, थोरला हा खेळ खेळतो. थोरल्याच्या शाळेत सोमवारी सगळी पोरं याच सामन्यांचं बोलत असतात. तो गप्प बसलेला मला बघवेना.” इतक्यात थोरला धावत आला आणि म्हणाला, “बाबा, हा उडाला की कुठं जाईल ते सांगताच येत नाही!” त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, त्याला तेच आवडले होते.

फुटीची शक्ती या सोमवारच्या गप्पांत आहे, आणि तिच्यामागे द्रव्यबळही आहे. 2022 साली एएफएलने 2025 पासूनच्या सात वर्षांसाठी केलेला प्रक्षेपणाचा करार साडेचार अब्ज डॉलरांचा आहे. तिने मुलांना मोहित करण्याचे जे प्रकार योजिले त्यांत एक मला फार सुंदर वाटतो: मोठ्या सामन्यांच्या मध्यंतरात ऑसकिकची मुले त्याच भव्य मैदानावर खेळतात, आणि अंतिम सामन्यानंतर विजेत्यांच्या गळ्यात पदके घालण्याचा मान या मुलांनाच मिळतो. सॉकरपाशी एवढे वैभव नाही; त्याच्यापाशी जग आहे. आफ्रिकेतील निर्वासित छावणीत जन्मून ॲडलेडमध्ये वाढलेला अवेर माबिल याने 2022 च्या जूनमध्ये पेरूविरुद्ध पेनल्टी मारून देशाला विश्वचषकात नेण्यास हातभार लावला. सुदानमध्ये जन्मलेला माजक डॉ याने 2013 मध्ये नॉर्थ मेलबर्नकडून पदार्पण केले आणि फुटीनेही नवागतांसाठी दार उघडले. परंतु त्या दाराच्या पलीकडे पुन्हा ऑस्ट्रेलियाच आहे. बारा वर्षांच्या मुलाने युरोपचे स्वप्न पाहिले तर त्याला दोष कसा द्यावा?

आणि 2023 च्या महिला विश्वचषकाने तर पारडे आणखी हलविले. 12 ऑगस्टला ब्रिस्बेनमध्ये फ्रान्सविरुद्धचा सामना ऑस्ट्रेलियाने पेनल्ट्यांवर 7-6 असा जिंकला तेव्हा त्याच संध्याकाळी फुटीला आलेले प्रेक्षकही मैदानातल्या पडद्यांसमोर खिळून उभे होते. महिलांची एएफएल स्पर्धा 2017 पासून चालू आहे, तरीही त्या हिवाळ्यानंतर मुलींची जी रीघ सॉकरकडे लागली तिच्यासाठी कपडे बदलण्याच्या खोल्यासुद्धा अनेक मैदानांवर पुरेशा नव्हत्या. मैदानांचेही तसेच: फुटीच्या लंबवर्तुळात सॉकरचा आयत बसविता येतो, परंतु जागा वाया जाते आणि खेळपट्टी मध्ये येते. नगर परिषदांपुढे खरी अडचण आहे ती ही, आणि तिला केवळ सदिच्छा पुरत नाहीत.

माझी चिंता दोन्ही पक्षांविषयी आहे. सॉकरच्या होतकरू मुलांना वरच्या स्तरावर खेळविण्याची फी वर्षाकाठी हजारो डॉलरांच्या घरात जाते, आणि जो खेळ गरीब स्थलांतरितांनी जगविला त्याच्या दारातून आज गरीब स्थलांतरितांचीच मुले परत फिरतात. फुटीच्या माथ्यावर डोक्याच्या दुखापतींचे सावट आहे. निवृत्त खेळाडूंच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत आढळलेली व्याधी आता प्रत्येक आईला ठाऊक झाली आहे. आपल्या देशाशीही या गोष्टीचा एक कटू धागा जुळतो. 2012 साली ऑस्ट्रेलियन वृत्तपत्रांनी उघड केले, की तेथील लहानग्यांच्या फुटीसाठी बनणारे काही चेंडू पंजाबातील जालंधरात लहान मुलांच्याच हातांनी शिवले जात होते. एका बालकाच्या खेळासाठी दुसऱ्या बालकाने सुई धरावी, याहून लज्जास्पद ते काय!

सॉकर मेलबर्नमध्ये हरला तरी जगात टिकेल. फुटीला मात्र दुसरा मोठा मुलूख नाही. मेलबर्न, ॲडलेड व पर्थ येथील मुलांनी हातातून पायावर चेंडू सोडणे थांबविले, तर त्या कलेचे हे रूप पृथ्वीवर अन्यत्र क्वचितच उरेल. म्हणून माझे झुकते माप फुटीला आहे, आणि तरीही तिने मुले पैशाच्या जोरावर अडवून ठेवावीत हे मला मान्य नाही. नगर परिषदा व दोन्ही संस्थांनी मिळून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी एक सकाळ फुटीची आणि दुसरी सॉकरची अशी वाटणी करून द्यावी. यास कायदा लागत नाही, वेळापत्रक लागते. तोवर तेथील मराठी आईबापांना एवढीच विनंती, की मुलाला सॉकरमध्ये घालायचे असेल तर खुशाल घालावे, परंतु निदान एक हिवाळा त्याला जवळच्या ऑसकिकवर न्यावे आणि मग त्यालाच विचारावे.