स्टेअरिंगचा खेळ, जिवाशी खेळ

गळीत हंगाम तोंडावर आला की आपणा सर्वांची लगबग सुरू होते. बैलगाडीच्या आखाला वंगण, ट्रॅक्टरच्या टायरला हवा, ट्रेलरच्या हुकाची पीन या गोष्टी शेतकऱ्याला सांगाव्या लागत नाहीत. पण घरच्या जुन्या पिकअपकडे कोण बघतो? बेणे, खत, डिझेलचे डबे, दूध, बाजार सगळे तिच्यावरच चालते. चालते आहे तोवर चालू द्या, असा आपला हिशेब.

मागे एक सभासद बंधू कारखान्यावर आले. गाडी रस्ता सोडून भटकते, सारखे हात हलवावे लागतात, खड्ड्यात चाक गेले की खालून खटखट वाजते, अशी तक्रार. आम्ही विचारले, “कधीपासून?” म्हणाले, “झाली दोन वर्षं. आता हाताला सवय झालीय.” मंडळी, ही सवयच वाईट. कासरा हातात असावा, पण ओढ वेसणीपर्यंत पोचू नये, अशी ती अवस्था. हंगामात रात्री समोरून उसाची दोन ट्रेलर लागतात, कडेने बैलगाड्या चालतात. तिथे हातभर चुकायला जागा नसते.

स्टेअरिंगचे काम कसे चालते ते आधी पाहू. स्टेअरिंगच्या दांड्याच्या टोकाला पिनियन नावाचे लहान दातेरी चाक असते. ते दातेरी सळईवर, म्हणजे रॅकवर फिरते. त्यामुळे रॅक डावी-उजवीकडे सरकते आणि तिच्या दोन्ही टोकांचे टायरॉड चाके वळवतात. टोकांवर रबराचे बूट असतात. बूट फाटला की धूळ, चिखल, पाणी आत जाते, ग्रीस धुऊन जाते आणि लोखंड लोखंडाला खाऊ लागते. काही जुन्या पिकअपना रॅकऐवजी स्टेअरिंग बॉक्स असतो. त्याची दुरुस्ती वेगळी, पण खेळ तपासण्याची रीत बरीचशी हीच.

खेळ दिसला म्हणजे रॅकच गेली, असे समजून खिशात हात घालू नये. आधी खेळ कुठे आहे ते शोधावे. गाडी सपाटीवर उभी करून चाके सरळ ठेवावीत आणि एकाने स्टेअरिंग हलकेच डावी-उजवीकडे हलवावे. पॉवर स्टेअरिंग असेल तर हे इंजिन चालू ठेवून करावे. टायर हलण्याआधी स्टेअरिंग इंच-सव्वा इंचाहून जास्त फिरत असेल तर काहीतरी झिजले आहे. नेमकी मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत असते. मग पुढची चाके उचलून घोडीवर घ्यावीत, जोडीदाराने स्टेअरिंग घट्ट धरावे आणि आपण चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. खटखट आली तर टायरॉडचे सांधे किंवा रॅक बघावी. बारा आणि सहाच्या जागी धरून हलले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा आणि रॅक बसवलेली रबरेही हाताने चाचपावीत. पुष्कळदा थोड्या पैशांचा टायरॉड एन्ड बदलूनच काम भागते.

वरील गाडीत मात्र रॅकच गेली होती. कुणीतरी तिचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळून दिला होता. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे मधले दाते जास्त झिजतात आणि कडेचे तसेच राहतात. स्क्रू आवळला की मधला खेळ कमी होतो, पण वळणावर रॅक जखडते आणि स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही. आवळणे हा झिजेवरचा इलाज नव्हे. दाते झिजले की रॅक बदलणे हाच मार्ग. वेल्डिंग करून भरून घेणे तर अजिबात नको.

बदलताना लक्ष ठेवावे ते असे. मागच्या चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जाऊ नये. चाके सरळ करून स्टेअरिंग बांधून ठेवावे, दांडा आणि पिनियन जिथे जुळतात तिथे खूण करावी. टायरॉड एन्ड पुलरने काढावा, हातोड्याने ठोकू नये. तो सोडताना किती आटे फिरले ते मोजून लिहून ठेवावे. नवी रॅक मध्यावर आणूनच बसवावी. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेतीन फेऱ्या भरल्या, तर पावणेदोन फेऱ्या मागे म्हणजे मध्य. स्प्लिट पिना नव्याच घालाव्यात. आखाची कुणी निसटली की चाक कुठे जाते हे आपल्याला माहीत आहे, तेच काम ही पीन करते.

पॉवर स्टेअरिंग असेल तर पुस्तिकेत सांगितलेलेच तेल भरावे. पुढची चाके अधांतरी ठेवून, इंजिन बंद असताना स्टेअरिंग टोकापासून टोकापर्यंत सावकाश फिरवून हवा काढावी. तेल खाली गेले की पुन्हा भरावे, मग इंजिन चालू करून तेच करावे.

शेवटचे काम अलाइनमेंटचे. आटे मोजून बसवले तरी ते अंदाजाचे काम. अलाइनमेंट केले नाही तर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातात आणि वाचवलेला पैसा तिथे जातो. शे-दीडशे किलोमीटरनंतर बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.

त्या सभासद बंधूंनी गाडी नेली आणि दुसऱ्या दिवशी निरोप धाडला, “गाडी उलट चालल्यागत वाटतेय, हात हलवायला कामच नाही.” दोन वर्षांची सवय मोडायला त्यांना चार दिवस लागले. आपल्या हाताला अशी सवय झाली आहे का, हे मोळी पडण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा तपासून पाहावे, ही सर्व सभासद बंधू-भगिनींना विनंती.