पहिल्या काही सेकंदांचा कारभार

संगणकाचं बटण दाबलं की प्रोसेसर जागा होतो, पण त्या क्षणी त्याला जवळपास काहीच ठाऊक नसतं. रॅम किती आहे, कीबोर्ड जोडलेला आहे का, विंडोज कुठल्या डिस्कवर आहे, यातलं काहीही त्याला माहीत नसतं. पहिली आज्ञा कुठल्या पत्त्यावरून उचलायची, एवढंच कारखान्यात पक्कं केलेलं असतं. त्या पत्त्यामागे मदरबोर्डवरची एक चिप असते आणि त्या चिपमधला प्रोग्रॅम पुढचा कारभार हाती घेतो. हे फर्मवेअर. पीसीच्या जगात त्याच्या दोन पिढ्या झाल्या, आधी बायोस आणि आता यूईएफआय. या दोघांत वेगाचा आणि आकाराचा फरक आहेच. पण संगणकावर कोणाचा प्रोग्रॅम चालणार हे कोण ठरवतं, हा त्यांच्यातला खरा फरक आहे.

बायोसची कल्पना गॅरी किल्डॉल यांची. १९७० च्या दशकात त्यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तेव्हा दर कंपनीच्या यंत्राची जोडणी निराळी असे. किल्डॉल यांनी यंत्राशी थेट बोलणारा भाग वेगळा काढला. नवं यंत्र आलं की तेवढाच भाग नव्याने लिहायचा, बाकीचं सगळं जसंच्या तसं चालायचं.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी बाजारात आला, तेव्हा त्याचा बायोस अवघ्या ८ किलोबाइटचा होता. तो आधी मेमरी, कीबोर्ड आणि बाकीचे भाग तपासून घेई आणि सगळं ठीक असलं की एक छोटा बीप वाजवी. पडद्यावर अक्षर उमटवणं, डिस्क वाचणं, दाबलेली कळ ओळखणं अशा सेवा तो इतर प्रोग्रॅमना ठरावीक क्रमांकांनी पुरवत असे. शेवटी डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटांचा सेक्टर मेमरीत आणायचा आणि ताबा त्याच्याकडे सोपवायचा, की बायोसचं मुख्य काम संपलं.

आयबीएमने या बायोसचा संपूर्ण कोड आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापला होता. पुस्तिका हाती असलेला कोणीही अभियंता आपला संगणक सुरू कसा होतो हे ओळीओळीने वाचू शकत होता. कॉपीराइट मात्र आयबीएमचा होता, त्यामुळे तो उतरवून घेता येत नव्हता. प्रतिस्पर्ध्यांनी त्यावर कायदेशीर वाट काढली. एका गटाने मूळ बायोस अभ्यासून तो काय काय करतो याचा तपशील लिहायचा आणि मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या तपशिलावरून नवा कोड लिहायचा. कॉम्पॅकने असा बायोस स्वतःसाठी घडवला. फिनिक्सने १९८४ पासून तो इतर कंपन्यांना विकायला सुरुवात केली. पुढे अमेरिकन मेगाट्रेंड्स म्हणजे एएमआय आणि अवॉर्ड या कंपन्याही या धंद्यात उतरल्या. बायोस असा विकत मिळू लागला म्हणून कोणत्याही कारखान्याला मदरबोर्ड बनवता आला. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन ‘असेंबल्ड’ पीसी जोडून मिळत असे, त्यामागे हीच साखळी होती.

बायोसच्या मर्यादाही तेवढ्याच खऱ्या होत्या. तो १६ बिटांच्या जुन्या पद्धतीने चाले आणि त्या पद्धतीत एक मेगाबाइटपलीकडची मेमरी सहजी हाती येत नसे. डिस्कच्या विभागणीच्या तक्त्यात फक्त चार नोंदी मावत. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचा असल्याने साधारण दोन टेराबाइटपुढची जागा त्या तक्त्यात मांडताच येत नसे.

शिवाय बायोसचा सगळ्यांवर आंधळा विश्वास होता. पहिल्या सेक्टरमध्ये जे असेल ते तो निमूटपणे चालवी. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीच्या याच सेक्टरमध्ये शिरत असे. पुढे बायोस पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश चिपमध्ये आला आणि धोका वाढला. २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच विषाणूने अनेक संगणकांतला बायोसच खरवडून टाकला. अशा यंत्राचं बटण दाबलं तरी काही घडत नसे.

नव्या पिढीची गरज आधी मोठ्या सर्व्हरना भासली. इटेनियम प्रोसेसरसाठी इंटेलने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ईएफआयची आखणी सुरू केली. २००५ मध्ये ते काम अनेक कंपन्यांच्या संयुक्त मंचाकडे गेलं आणि यूईएफआय हे नाव रूढ झालं. त्याचा बराचसा कोड सी भाषेत असतो. सुरुवातीला रॅमही तयार नसते, म्हणून तो प्रोसेसरमधल्या कॅशेलाच तात्पुरती रॅम म्हणून वापरतो. मग रॅम जागी करतो, ड्रायव्हर चढवतो, डिस्कवरच्या खास विभागातल्या फाइली नावानिशी वाचतो आणि त्यातली योग्य ती फाइल सुरू करतो. जीपीटी या नव्या तक्त्यात सहसा १२८ नोंदींची सोय असते, सेक्टर क्रमांक ६४ बिटांचे असतात आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. आजच्या मदरबोर्डवर फर्मवेअरची चिप सर्रास १६ किंवा ३२ मेगाबाइटची असते, म्हणजे १९८१ च्या बायोसच्या निदान दोन हजारपट.

आंधळ्या विश्वासावर यूईएफआयने सिक्युअर बूट हा उपाय आणला. ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलवर मान्य किल्लीची डिजिटल सही असेल तरच ती चालते. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं आणि ही व्यवस्था घरोघरच्या संगणकांत पोहोचली. बहुतेक पीसींत मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या कारखान्यातच बसवलेल्या असतात, त्यामुळे लिनक्सच्या अनेक वितरणांनाही आपला छोटा ‘शिम’ प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घ्यावा लागतो. इंटेल-एएमडी पद्धतीच्या पीसींवर सिक्युअर बूट बंद करण्याची आणि स्वतःच्या किल्ल्या घालण्याची मुभा मालकाला असली पाहिजे, अशी अट तेव्हा मायक्रोसॉफ्टने घातली होती. विंडोज १० च्या वेळी बंद करण्याची सोय देणं उत्पादकांच्या मर्जीवर सोपवलं गेलं.

सहीची तपासणी हवीच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ती पुरेशी नाही. २०२३ मध्ये सिक्युअर बूटला चकवणारा ‘ब्लॅकलोटस’ हा घातक प्रोग्रॅम प्रत्यक्ष वापरात सापडला. त्याच वर्षी ‘लोगोफेल’ या त्रुटी उघड झाल्या. सुरुवातीला पडद्यावर दिसणारं कंपनीचं बोधचित्र वाचणाऱ्या कोडमधून फर्मवेअरमध्ये शिरता येत होतं. एवढा मोठा कोड बंद कपाटात राहिला की त्यातल्या चुका वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला पडत नाहीत.

यावर काम करणारे लोक आहेत. १९९९ मध्ये रॉन मिनिक यांनी लॉस अलामॉस प्रयोगशाळेत लिनक्सबायोस सुरू केला. तोच आजचा कोअरबूट. त्याचा कोड खुला आहे आणि क्रोमबुकमध्ये तो चालतो. यूईएफआयचाही मोठा भाग टियानोकोअर प्रकल्पात खुला आहे. तरीही इंटेलच्या नव्या प्रोसेसरांवर रॅम जागी करण्यासारख्या पहिल्या पायऱ्या बहुधा कंपनीच्या बंद कोडवरच अवलंबून राहतात.

आठ किलोबाइटांत सगळं मावण्याचा काळ परत येणार नाही, आणि दोन टेराबाइटच्या कुंपणात परत जावं असंही कोणाला वाटणार नाही. पण १९८१ ची पुस्तिका विकत घेणाऱ्याला जे कळू शकत होतं, ते आजच्या ग्राहकापासून लपवण्याचं कारण नाही. मदरबोर्ड किंवा लॅपटॉप घेताना प्रोसेसर आणि रॅमइतक्याच आग्रहाने तीन गोष्टी विचाराव्यात. फर्मवेअरच्या सुधारणा किती वर्षं मिळतील? सिक्युअर बूटमध्ये मला माझी किल्ली घालता येईल का? आणि यातला किती कोड खुला आहे? दुकानदाराला उत्तरं ठाऊक नसतील तर त्याने कंपनीला विचारावं. ग्राहकांनी हे विचारायला सुरुवात केली, तरच कंपन्यांना उत्तरं तयार ठेवावी लागतील.