एक बाटली, शंभर थेंब : पिल्लांची मर मिळून रोखू

मैत्रिणींनो, गावात कुणाही बाईला विचारा, "कोंबड्या का नाही ठेवत?" उत्तर ठरलेलंच येतं. "ठेवल्या होत्या गं, पण मर आली आणि आठ दिवसांत खुराडं रिकामं झालं." काही जणींनी तर गटातून कर्ज काढून पिल्लं घेतलेली असतात. पिल्लं जातात, हप्ता मात्र राहतो. म्हणून या अंकात पिल्लांबद्दल, आणि त्यातही लसीबद्दल जरा सविस्तर बोलू.

ही मर म्हणजे बहुतेक वेळा मानमोडी. डॉक्टर तिला राणीखेत म्हणतात. उत्तराखंडातल्या राणीखेत गावात १९२० च्या दशकाच्या अखेरीस हा रोग ओळखला गेला, तेव्हापासून आपल्या देशात तेच नाव पडलं. पिल्लू पेंगतं, चोच उघडून श्वास घेतं, हिरवट-पांढरं हगतं. काहींची मान वाकडी होते, पाय-पंख लुळे पडतात. हा विषाणूचा रोग आहे, त्यामुळे एकदा लागल्यावर त्यावर औषध नाही. लसणाचं पाणी पाजा, दुकानातून गोळ्या आणून चारा, पैसे जातात आणि पिल्लूही जातं. उपाय एकच, रोग यायच्या आधी लस.

मग आपण लस का देत नाही? आळस हे कारण नाही. लस मिळते १००, २०० किंवा त्याहून जास्त मात्रांच्या बाटलीत, आणि आपल्या घरी पिल्लं असतात दहा-बारा. एकदा बाटली फोडून लस कालवली की ती साधारण दोन तासांत संपवावी लागते. उरलेली उद्याला चालत नाही, फ्रिजमध्ये ठेवली तरी नाही. दहा पिल्लांसाठी शंभराची बाटली कोण फोडणार?

इथे गट कामाला येतो. आठ जणींची बारा-बारा पिल्लं म्हणजे ९६ झाली. एक बाटली, एक संध्याकाळ, आणि खर्च आठ जणींत वाटून. दुसरा फायदा याहून मोठा. शेजारणीच्या पिल्लांना लस नसेल तर रोग वाडीत शिरतोच. सगळ्या वाडीची लस एका दिवशी झाली तर त्याला शिरायला जागा कमी उरते.

अडचण येते ती वयाची. हिची पिल्लं चार दिवसांची, तिची महिन्याची. त्यासाठी खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायच्या. अंडी थंड जागी, मडक्यात किंवा वाळूच्या टोपलीत साठवा. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा जुनी अंडी बसवू नका, थंडीत आठवडाभर चालतात. एका कोंबडीखाली दहा-बारा पुरे. २१ दिवसांनी सगळ्यांच्या घरी पिल्लं सोबतच निघतील. कुणाची कोंबडी उशिरा खुडूक झाली तर तिची अंडी दुसरीच्या कोंबडीखाली द्या, पिल्लं नंतर वाटून घेता येतात. बायकांमध्ये हा व्यवहार तसाही जुनाच आहे.

लस कोणती, कधी

पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरोची. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या आठवड्यात देवीची लस, ती पंखाच्या पातळ कातडीत टोचतात. आठव्या आठवड्यात मानमोडीची मोठी लस, आर-टू-बी, ती सुईने देतात. आपल्या भागात कोणता रोग जास्त आहे ते पाहून पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर यात थोडा बदल सांगतील, तो ऐकायचा. पण पहिली आणि चौथ्या आठवड्यातली लासोटा काही झालं तरी सोडू नका. थेंबाची लस पशुसखी देऊ शकते. सुईची लस शिकलेल्या हातानेच द्यावी.

महिन्याची तयार पिल्लं विकत घेत असाल तर पैसे देण्याआधी विचारा, कोणत्या लसी झाल्या आणि कोणत्या तारखेला. "सगळं झालंय ताई" हे उत्तर धरायचं नाही, कागदावर लिहून घ्यायचं.

लस आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणा. पिशवीत टाकून एसटीने तासभर उन्हात आलेली लस म्हणजे नुसतं पाणी. बाटलीसोबत मिळालेल्या द्रावणातच ती कालवायची. काम पहाटे किंवा ऊन उतरल्यावर करा. वाटी बर्फात ठेवा. डोळ्यात थेंब पडला की पिल्लू पापणी मिटेपर्यंत हातात धरा, लगेच सोडलं तर थेंब मान हलवून उडून जातो. पेंगणाऱ्या, आजारी पिल्लाला त्या दिवशी लस देऊ नका. रिकाम्या बाटल्या उकळून खोल पुरा. त्या पोरांच्या हाती लागू देऊ नका.

ऊब मिळाली तरच लस लागते

गारठलेल्या, भुकेल्या पिल्लाला लस देऊन फारसा उपयोग नाही. पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही. कोंबडीखाली असेल तर ती बघून घेते. विकतची पिल्लं असतील तर ते काम आपलं. पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. ५० पिल्लांना १०० वॅटचा एक बल्ब, जमिनीपासून दीड फुटावर. बल्ब जुना, तारेचा, पिवळ्या उजेडाचा हवा. एलईडीने उजेड पडतो, ऊब येत नाही. हल्ली दुकानदार एलईडीच हातात देतो, तेव्हा मागून घ्या.

थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली ढीग करून चिवचिवत असतील तर थंडी आहे. लांब पळून चोच उघडून बसली असतील तर बल्ब वर घ्या. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर बरोबर. भोवती पुठ्ठ्याचं गोल कडं करा, चौकोनी नको. कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. वीज गेली तर मडक्यात निखारे राखेखाली झाकून कड्याबाहेर, जवळ ठेवा. धूर होऊ देऊ नका आणि हवेला फट ठेवा.

पिल्लं आली की आधी पाणी, लिटरभर पाण्यात मूठभर गूळ घालून. तासा-दोन तासांनी भरडलेला मका किंवा तांदळाची कणी. पुढे पिल्लांचं तयार खाद्य मिळालं तर उत्तमच. नुसत्या कणीवर पिल्लू वाढत नाही, त्याला पेंड किंवा वाळवी हवी. पेंडीला बुरशीचा वास आला तर ती चारू नका. पाण्याचं भांडं उथळ ठेवून त्यात चार खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडत नाही.

खाली दोन इंच भाताचा तूस किंवा लाकडाचा भुसा पसरा आणि रोज हाताने उलटा. ओला गोळा झाला की काढून टाका. ओल्या तुसातूनच रक्ती हगवण येते, विशेषतः तिसऱ्या आठवड्यानंतर, पावसाळ्यात. शेणात रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. मानमोडीला औषध नाही, पण या रोगाला आहे. मात्र ते लवकर द्यावं लागतं.

बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवा. पाहुण्यांनी दिलेली असली तरी वेगळीच. मेलेलं पिल्लू ओढ्यात, उकिरड्यावर टाकू नका, खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय दुसऱ्या पिल्लांना हात लावू नका. आजारी कोंबडी घाईने आठवडे बाजारात विकली की आपले पैसे सुटतात, पण रोग दहा गावांत जातो. एकाच वेळी बऱ्याच कोंबड्या मरायला लागल्या तर हात न लावता दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ वर फोन करा.

येत्या मासिक बैठकीत वहीचं एक पान यासाठी काढा. कुणाकडे किती कोंबड्या, कुणाची खुडूक झाली, कोणत्या आठवड्यात बसवायच्या, आणि थर्मास घेऊन दवाखान्यात कोण जाणार. अंडी बसवल्याच्या तारखेत २१ दिवस मिळवले की पिल्लांची तारीख येते. तिच्यात सात मिळवले की लसीची. ती तारीख पानावर मोठ्या अक्षरात लिहा आणि डॉक्टरांना आधीच कळवून ठेवा.