हरलेला पुन्हा आला पाहिजे!

गाण्याला गुण द्यावेत कसे, हा प्रश्न किती अवघड आहे ते कधीतरी स्नेहसंमेलनातल्या गायनस्पर्धेचे परीक्षक झालेल्यांना सांगायला नको. सुराला दहा, तालाला दहा, उच्चारांना पाच, असा तक्ता हाती असतो. आणि एखादी मुलगी असे काही गाऊन जाते की तक्ता कोराच राहतो. निकाल लागला की हरलेल्या मुलांचे पालक परीक्षकांना जिन्यातच गाठतात. आता कल्पना करा, वाचकहो, की गाणारी मुले नसून देश आहेत आणि जिन्यात अख्खी राष्ट्रे उभी आहेत! मग परीक्षकांनी पळावे तरी कुठे?

युरोपखंडाने हे संकट आपण होऊन ओढवून घेतले आहे. तेथील नभोवाणी व दूरचित्रवाणी संस्थांचा एक संघ १९५० साली स्थापन झाला. देशोदेशींच्या दूरचित्रवाणीला एकाच वेळी एकच कार्यक्रम दाखवता येतो का, हे या संघाला पाहायचे होते. त्यासाठी निमित्त हवे होते. इटलीत सानरेमो गावी १९५१ पासून गीतमहोत्सव भरत असे. त्याच धर्तीवर देशादेशांमध्ये गाण्याची स्पर्धा लावावी, अशी कल्पना पुढे आली आणि २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो शहरी पहिली ‘युरोव्हिजन’ स्पर्धा झाली. सात देश आणि प्रत्येकाची दोन गाणी. दुसरे महायुद्ध संपून अवघी अकरा वर्षे झाली होती. रणांगणावर समोरासमोर उभे ठाकलेले फ्रान्स आणि जर्मनी आता एकाच रंगमंचावर आळीपाळीने गात होते, ही गोष्ट लहान नव्हे.

पहिल्या वर्षीचा कारभार मात्र घरगुती थाटाचा होता. प्रत्येक देशाचे दोन परीक्षक लुगानोला बोलावले होते. लक्झेंबर्गचे आलेच नाहीत. तेव्हा त्यांची मते यजमान स्विस परीक्षकांनीच देऊन टाकली! स्वतःच्या देशाला मत देण्याची मोकळीक होतीच. मतदान गुप्त झाले, यजमान देशाची लिस आसिया पहिली आली, आणि कोणाला किती मते पडली हे आजतागायत प्रसिद्ध झालेले नाही. आपल्याकडे असे झाले असते तर पुढचे सहा महिने वर्तमानपत्रांतील ‘वाचकांची पत्रे’ हे सदर त्यावरच चालले असते.

तेथेही कुरबूर झालीच असावी. कारण दुसऱ्याच वर्षी, १९५७ साली फ्रँकफुर्टला, कायदे आले. आपल्या देशाला मत द्यायचे नाही. परीक्षकांनी आपापल्या देशात बसून निकाल दूरध्वनीवरून कळवायचा, आणि गुण सर्वांना दिसतील असे फलकावर लावायचे. त्या वर्षी ब्रिटनचे गाणे दोन मिनिटांच्याही आत आटोपले आणि इटलीचे पाच मिनिटांवर लांबले. लगेच पुढे तीन मिनिटांची मर्यादा कसोशीने पाळली जाऊ लागली. गंमत अशी की या स्पर्धेचे नियमपुस्तक कोणा विद्वानाने एकटाकी लिहिलेले नाही. ज्या ज्या वर्षी भांडण झाले, त्या त्या वर्षी त्यात एक कलम वाढले.

सर्वांत मोठे भांडण १९६९ चे. माद्रिदला सोळा देश गायले आणि स्पेन, ब्रिटन, नेदरलंड्स व फ्रान्स या चौघांना सारखेच अठरा गुण पडले. बरोबरी झाल्यास काय करायचे याचा नियमच नव्हता. चौघेही विजयी, असे जाहीर झाले. चौघांना आनंद झाला. पण उरलेल्या बारांना हा पोरखेळ वाटला. पुढल्या वर्षी फिनलंड, नॉर्वे, स्वीडन आणि पोर्तुगाल यांनी पाठ फिरवली आणि सोळांचे बारा झाले. संघाने हा इशारा ओळखला. बरोबरी सोडवण्याचा नियम झाला. १९७५ पासून गुणांची आजची पद्धत आली: प्रत्येक देशाने दहा गाणी निवडायची, पहिल्याला बारा, दुसऱ्याला दहा, मग आठ, सात, असे एकापर्यंत यायचे. बरोबरीच्या नियमाची खरी कसोटी लागली ती १९९१ साली रोममध्ये. स्वीडन आणि फ्रान्स दोघांचेही १४६ गुण झाले. बारा गुण कितीदा मिळाले ते मोजले, तेही सारखे! मग दहा मोजले. त्यांत स्वीडन सरस ठरला आणि वाद मिटला. हरलेला फ्रान्स पुढल्या वर्षी पुन्हा गायला आला.

माझ्यासारख्या भाषेच्या अध्यापकाला या स्पर्धेतला भाषेचा तंटा अधिक जवळचा वाटतो. १९६५ साली स्वीडनचा गायक इंग्रजीत गायला. त्यावरून गहजब झाला आणि १९६६ पासून प्रत्येकाने आपल्या देशाच्या भाषेतच गावे, असा दंडक आला. १९७३ मध्ये तो उठला. लगेच १९७४ साली ‘आबा’ या स्वीडिश मंडळींनी इंग्रजी गाणे म्हणून स्पर्धा जिंकली आणि पुढे जगभर नाव मिळवले. १९७७ मध्ये दंडक परत आला, १९९९ मध्ये पुन्हा गेला. तेव्हापासून बहुतेकांनी इंग्रजीची वाट धरली. सर्वांना समजावे म्हणून आपले शब्द टाकून द्यायचे, की आपल्या शब्दांत गाऊन न समजण्याचा धोका पत्करायचा? हा प्रश्न केवळ युरोपचा नाही. पोर्तुगालने १९६४ पासून हा धोका कितीदा तरी पत्करला आणि पदरी अपयश घेतले. अखेर २०१७ साली साल्वादोर सोब्राल हा तरुण, नाचगाणे वा झगमगाट काही न करता, आपल्या बहिणीने रचलेले पोर्तुगीज गाणे म्हणून पहिला आला. पहिल्या विजयाला त्रेपन्न वर्षे लागली. आणि तो आला स्वभाषेतून!

१९९७-९८ च्या सुमारास परीक्षकांच्या जागी प्रेक्षकांचे दूरध्वनी आले. लोकशाही आली, असे सर्वांना वाटले. पण लोकशाहीबरोबर भाऊबंदकीही येतेच. ग्रीस आणि सायप्रस एकमेकांना बारा गुण देतात हा तर थट्टेचाच विषय होऊन बसला. तेव्हा २००९ साली अंतिम फेरीसाठी निम्मा अधिकार परीक्षकांना परत देण्यात आला. २०२३ पासून भाग न घेणाऱ्या देशांतले प्रेक्षकही इंटरनेटवरून मत देऊ शकतात. त्या साऱ्यांचे मिळून एका देशाएवढे वजन धरतात.

आता इंटरनेटचा विषय निघालाच आहे, तर या स्पर्धेच्या धाकट्या भावंडांविषयी सांगतो. जगभरचे हौशी श्रोते आपसांत अशाच स्पर्धा भरवतात. आमचा एक जुना विद्यार्थी पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरी करतो आणि रात्री जेवणानंतर अशा एका स्पर्धेचे दप्तर सांभाळतो. वीस-बावीस मंडळी आहेत. एकमेकांना कोणी पाहिलेले नाही. प्रत्येकाने एकेक देश दत्तक घेतला आहे, याच्याकडे लिथुएनिया! त्या देशातले एखादे ध्वनिमुद्रित गाणे शोधून पाठवायचे, आठवडाभर सर्वांची गाणी ऐकायची आणि बारा, दहा, आठ असे गुण याच्याकडे गुपचूप धाडायचे. बक्षीस छदामाचे नाही.

“मग त्रास कसला?” मी विचारले.

“सर, त्रास माणसांचा!” तो हसून म्हणाला. “गाणे सगळे पाठवतात, मते पाठवायची वेळ आली की निम्मे गायब होतात. म्हणून नियम केला, की जो मत देणार नाही त्याचे गाणे बाद. एकाने दोस्ताला दरवेळी बारा द्यायला सुरुवात केली. म्हणून आता कोणी कोणाला किती दिले ते निकालानंतर सर्वांसमोर मांडतो.”

“आणि स्पर्धा चांगली झाली हे कशावरून ठरवतोस?”

“जिंकणारा राहतोच, सर. शेवटचा आलेला पुढच्या खेपेला गाणे पाठवतो की नाही, तेवढेच मी बघतो.”

थोरल्या स्पर्धेचे मर्म त्याने एका वाक्यात सांगितले, असे मला वाटले. नॉर्वेचा यान टाइगेन १९७८ साली भोपळा घेऊन परतला. एकाही देशाने त्याला एक गुण दिला नाही. पण त्याच्या देशाने ते गाणे डोक्यावर घेतले आणि १९८२ व १९८३ मध्ये तो पुन्हा त्याच रंगमंचावर उभा राहिला. १९९३ साली वेढ्यात सापडलेल्या साराएव्होतून बोस्नियाचे कलावंत गोळीबाराच्या छायेत विमानतळाची धावपट्टी ओलांडून बाहेर पडले आणि आयर्लंडमधील मिलस्ट्रीट या चिमुकल्या गावी गायला पोहोचले. गुण सांगायची वेळ आली, तेव्हा खरखरत्या तारेवरून साराएव्होचा आवाज आला आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांचा क्रमांक कितवा आला, हे त्या टाळ्या वाजवणाऱ्यांनी विचारले नसेल.

सगळेच तंटे कलमांनी सुटतात, असे मात्र नाही. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये रशियाला वगळले गेले. त्या वर्षी युक्रेन जिंकला. पण युद्धामुळे २०२३ ची स्पर्धा त्याच्या वतीने ब्रिटनमधील लिव्हरपूलला भरवावी लागली. गाझातील युद्धानंतर इस्रायलला प्रवेश असावा का, यावरून फूट पडली. तो राहणार असे ठरताच, २०२५ च्या डिसेंबरात स्पेन, आयर्लंड, नेदरलंड्स, स्लोव्हेनिया व आइसलंड यांनी व्हिएन्नातल्या २०२६ च्या स्पर्धेतून अंग काढून घेतले. नेदरलंड्स तर लुगानोच्या पहिल्या सातांतला. आयर्लंड सात वेळा जिंकलेला. बरोबरी कशी सोडवायची हे नियम सांगू शकतो. कोणाच्या शेजारी उभे राहून गायचे, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. रुसलेले परत येतील का, हीच आता या सत्तर वर्षांच्या संसाराची परीक्षा आहे.

गुणांना फार महत्त्व देणाऱ्यांसाठी शेवटी १९७४ चीच एक हकीकत सांगतो. ‘आबा’ जिंकले त्या रात्री पोर्तुगालच्या पाउलो द कार्व्हाल्यूला अवघे तीन गुण पडले. तो शेवटच्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत जाऊन बसला. पण अठराच दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री, लिस्बनच्या नभोवाणीवरून तेच गाणे वाजले. बंड करायला सज्ज असलेल्या सैनिकी अधिकाऱ्यांसाठी ती ठरलेली खूण होती. दुसऱ्या दिवशी, जवळजवळ अर्धशतक चाललेली हुकूमशाही कोसळली आणि लोकांनी सैनिकांच्या बंदुकांत फुले खोवली. ते गाणे ऐकून परीक्षकांनी तीन गुण दिले होते.