उष्टावणानंतरची वाटी

उष्टावणाचा मान मामाचा. भाचरू मांडीवर घ्यायचं, सोन्याची अंगठी खिरीत बुडवायची आणि हळूच त्याच्या ओठांना लावायची. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात, असा रिवाज अनेक घरांत आहे. फोटो निघतात, पाहुणे जेवून जातात. खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो. आजपासून या बाळाला रोज काय द्यायचं, किती आणि कितीदा?

बहुतेक घरांत उत्तर तयार असतं. वरणावरचं निवळ पाणी, भाताची पातळ पेज, भाज्या उकळून गाळलेलं सूप. सगळं 'पचायला हलकं'. देणाऱ्या हातांत माया असते, याबद्दल शंका नाही. पण नेमक्या याच वयात पुष्कळ बाळांचं वजन अडतं आणि त्याचं एक मोठं कारण या वाटीत आहे. पोट भरतं, पण ते पाण्याने.

हिशेब करून बघू. सहा-सात महिन्यांच्या, सात किलो वजनाच्या बाळाच्या जठरात एका वेळी साधारण २०० मिली मावतं. किलोमागे ३० मिली हा त्याचा ठोकताळा. आईच्या १०० मिली दुधातून बाळाला ६५ ते ७० कॅलरी मिळतात. सहा ते आठ महिन्यांच्या वयात हे दूध त्याची बरीचशी गरज भागवतं. वरच्या अन्नातून हव्या असतात रोजच्या सुमारे २०० कॅलरी. आता एक मोठा चमचा तांदूळ, म्हणजे १० ग्रॅम, घेऊन त्याची २०० मिली पेज केली, तर त्या अख्ख्या पेजेत ३५ कॅलरी. दिवसाच्या २०० कॅलरी गाठायला बाळाला लिटरभराहून जास्त पेज प्यावी लागेल. तेवढी ते पिणार नाही, आणि जेवढी पिईल तेवढी जागा आईच्या दुधाची जाईल. म्हणजे दुधाहून कितीतरी निकस गोष्ट आपण दुधाच्या जागी देतो आणि तिला 'वरचं अन्न' म्हणतो. वरणाच्या पाण्याची गत वेगळी नाही. डाळीतली प्रथिनं खाली बसलेल्या गाळात राहतात आणि तो गाळ घरातली मोठी माणसं खातात.

आता याच घरातलं खिमट घ्या. दोन भाग तांदूळ, एक भाग मुगाची डाळ. धुऊन, वाळवून, भाजून त्यांची भरड. तीन मोठे चमचे भरड पाण्यात मऊ शिजवली, वर एक छोटा चमचा साजूक तूप घातलं, की दीडशे ग्रॅमच्या वाटीत दीडशेच्या आसपास कॅलरी होतात. शिवाय तांदळात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळ पुरवते आणि डाळीतली उणीव तांदूळ भरून काढतो. ही वाटी दिवसभरात दोन-तीन वेळांत विभागून दिली, सोबत थोडं कुस्करलेलं केळं किंवा रताळं दिलं, तर दोनशेचा आकडा गाठला जातो. आपल्या आज्या-पणज्यांनी हे खिमट नक्की कधीपासून केलं कुणास ठाऊक, पण मला ते आजच्या कुठल्याही डबाबंद पिठाहून सरस वाटतं. बाजारातून काही आणायची गरज नाही. फक्त शिजवताना हात आवरून पाणी घालायचं. चमचा तिरका केला तर खिमट ओघळून जाता कामा नये, चमच्यावर बसून राहिलं पाहिजे. ही एवढी परीक्षा पुरे.

घट्ट अन्न बाळाला गिळता येत नाही, ही अडचण मात्र खरी आहे. पीठ वाढवलं की लापशी चिकट होते, चमचा उभा राहील इतकी. म्हणून आई पाणी वाढवते आणि पुन्हा पहिल्या जागी येते. या कोड्याचं उत्तर मोड आणण्यात आहे. धान्याला मोड आले की त्यात अमायलेज नावाचं विकर तयार होतं आणि ते पिष्टाचे लांब धागे तोडतं. मोडाच्या धान्याचं चिमूटभर पीठ घट्ट लापशीत मिसळलं की ती काही मिनिटांत सैल पडते. पाणी न घालता, कॅलरी न गमावता. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर १९८० च्या दशकात पुष्कळ काम केलं. आपल्याकडे नाचणीला मोड आणून सत्त्व काढतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट. पण सत्त्व फडक्यातून गाळताना कोंड्याबरोबर बरंच चांगलंही निघून जातं. माझं मत विचाराल तर मोड आणून, वाळवून, हलकं भाजून दळलेलं अख्खं पीठ बारीक चाळणीने चाळून घ्यावं. तेवढं पुरतं.

सहा महिनेच का, हेही सांगायला हवं, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद होतो तो इथेच. जागतिक आरोग्य परिषदेने निव्वळ स्तनपानाची मुदत सहा महिने असा ठराव केला २००१ मध्ये. त्याआधी चार ते सहा महिने असं सांगितलं जाई. त्यामुळे सासूबाई 'आम्ही चौथ्या महिन्यातच सुरू केलं होतं' म्हणतात, तेव्हा त्या खोटं बोलत नसतात. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना तेच सांगितलेलं असतं. आज आपल्याला माहीत आहे, की सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध एकटं पुरतं आणि त्याआधी पाणी, बाळगुटी किंवा पेज दिली तर दूध कमी जातं, जंतुसंसर्ग वाढतो. सहा महिन्यांचं बाळ आधाराने बसतं, मान सावरतं, ताटाकडे हात टाकतं, तोंडातला घास जिभेने बाहेर ढकलत नाही. दातांची वाट बघायची नाही. मऊ अन्न हिरड्यांनी छान चावता येतं.

पण उशीर करणंही तितकंच घातक, आणि त्याचं मुख्य कारण लोह. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन ठेवतं. तो सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर बराच आधी संपतो. आईच्या दुधातलं लोह चांगलं शोषलं जातं, पण ते असतं अगदी थोडं. आणि बाळ तर वाढीच्या भरात असतं. जन्मवजन वर्षभरात तिप्पट होतं. नवं रक्त, नवे स्नायू, वेगाने घडणारा मेंदू, सगळ्यांना लोह हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षांची देशातली ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. महाराष्ट्रात ६९ टक्के. त्याच पाहणीत सहा ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं देशभरात फक्त ११ टक्के. हे आकडे निव्वळ गरिबीचे नाहीत. फ्लॅटमधल्या, गाडीतून फिरणाऱ्या बाळांच्या वाटीतही वरणाचं पाणीच असतं.

लोह कुठून आणायचं? मांस-मासे खाणाऱ्या घरांना सोपं आहे, फक्त ते बाळापर्यंत पोचवलं पाहिजे. नीट शिजवून कुस्करलेली कोंबडीची कलेजी, बारीक खिमा, काटे काढलेला मासा सहा महिन्यांपासून चालतो. त्यासाठी वर्षाची वाट बघायची नाही. कोकणात मुडदुशी लहान मुलांना आणि आजाऱ्यांना देतात ते तिचं मांस मऊ आणि हलकं म्हणून; तीच रीत बाळासाठी पुढे चालवावी, काटे मात्र स्वतःच्या बोटांनी चाचपून. पूर्ण शिजलेलं अंडं, पिवळं आणि पांढरं दोन्ही, लगेच सुरू करता येतं. शाकाहारी घरात जास्त जपावं लागतं, कारण धान्य-कडधान्यांतलं लोह शरीर सहज घेत नाही. मोड आणले, आंबवलं, शेवटी लिंबू पिळलं किंवा जेवणानंतर पेरू, संत्र्याची मऊ फोड दिली, तर ते जास्त शोषलं जातं. आणि चहा अजिबात नको. चहात बिस्किट बुडवून बाळाला देणारी घरं गावात आणि शहरातही आहेत. चहातलं टॅनिन लोह अडवतं आणि बिस्किटातून साखर-मैद्यापलीकडे फारसं काही मिळत नाही. गाई-म्हशीच्या दुधाचंही तसंच. दही किंवा शिजवण्यात थोडं दूध ठीक, पण अंगावर पिणाऱ्या बाळाला पहिल्या वर्षात पेलाभर वरचं दूध देऊन जेवणाची भूक मारू नये. त्या दुधात लोह जवळजवळ नसतंच. 'ॲनिमियामुक्त भारत' कार्यक्रमात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं १ मिली औषध देतात. आशाताईकडे ते मागून घ्या. शौच काळसर झाली तर घाबरून बंद करू नका.

मिक्सरविषयी थोडं. पहिले काही दिवस अगदी मऊ, एकजीव अन्न ठीक आहे. पुढे आठव्या-नवव्या महिन्यात गुठळ्या यायला हव्यात: हाताने कुस्करलेला गुरगुट्या भात, मऊ पोळी वरणात भिजवून, उकडलेल्या गाजराची बोटाएवढी फोड. चावायला शिकण्याचं एक वय असतं. दहा महिन्यांनंतरही सगळं वाटून दिलेली मुलं पुढे खाण्याच्या बाबतीत जास्त त्रास देतात, असं ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत दिसलं. घास आडवा गेला की बाळ खोकतं, तोंड वेडंवाकडं करतं, थोडं बाहेर काढतं. ते शिकणं आहे. भीती बाळगायची ती गुदमरण्याची, म्हणून अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे पाच वर्षांपर्यंत नकोत आणि भरवताना बाळ बसलेलं असावं. दाण्याचा बारीक कूट मात्र खिमटात जरूर घाला. लंडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या बाळांना ॲलर्जीचा धोका जास्त होता, त्यांना अकरा महिन्यांच्या आत शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिल्यावर पाच वर्षांच्या वयात ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळलं. तीव्र इसब असलेल्या बाळाच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावं, बाकीच्यांनी कूट टाळायचं कारण नाही.

मीठ आणि साखर पहिल्या वर्षात नको. साखर दोन वर्षांपर्यंत टाळता आली तर उत्तम. बाळाला अळणी लागत नाही, अळणी लागतं ते आपल्याला. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्याच्या आतड्यात ते रुजून विष तयार करतात. तयार डब्यांबद्दल एवढंच, की दोन वर्षांखालच्या मुलांच्या अशा अन्नाची जाहिरात करायला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने आणि त्याच्या २००३ च्या दुरुस्तीने बंदी आहे. तरी ते कुणी आग्रहाने गळ्यात मारत असेल तर हा कायदा त्यांना सांगा.

भरवणं हा वेगळाच विषय. मांडीत आडवं धरून, नाक दाबून कोंबणं अजून थांबलेलं नाही. त्याच्या जागी मोबाइल आला, एवढंच. बाळ तोंड फिरवतं, ओठ मिटतं, तेव्हा त्याचं पोट भरलेलं असतं किंवा त्याला थांबायचं असतं. मान द्यावा. थोड्या वेळाने पुन्हा विचारावं. नवी चव नाकारली तर आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या दिवशी समोर ठेवावी. त्याला आपल्या ताटाशेजारी बसवावं, सांडू द्यावं, हाताने खाऊ द्यावं. अंगावरचं दूध मात्र दोन वर्षं आणि पुढेही सुरू राहू द्यावं. दुसऱ्या वर्षातही त्यातून एक तृतीयांशाच्या आसपास ऊर्जा मिळते. जुलाब-तापात पुष्कळ बाळं अन्न सोडतात पण अंगावरचं दूध सोडत नाहीत, हा मोठा आधार असतो. आजार ओसरल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्यावं, म्हणजे घटलेलं वजन भरून येतं.

हे सगळं खरं, पण यासाठी लागणारा वेळ कुणाकडे आहे? नऊ महिन्यांच्या बाळाला दिवसातून तीन-चार जेवणं आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ. प्रत्येक वेळी ताजं शिजवणं, हात धुणं, अर्धा तास भरवणं. रोजचे अडीच-तीन तास झाले. पगारी बाळंतपणाची रजा २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे झाली, ही चांगलीच गोष्ट. पण २६ आठवडे म्हणजे बरोबर सहा महिने. ज्या आठवड्यात खिमट सुरू व्हायचं त्याच आठवड्यात आई कामावर परतते. तिथून पुढे वाटी बाबांच्या, आजीच्या किंवा पाळणाघरातल्या ताईंच्या हाती जाते, आणि घट्ट किती, कितीदा, हे त्यांना कुणीच शिकवलेलं नसतं. अंगणवाडीत अन्नप्राशनाचा कार्यक्रम होतो तेव्हा तिथे बाबांनाही बोलवावं आणि खिमट त्यांच्याच हाताने करून घ्यावं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला कायद्याने पाळणाघर बंधनकारक आहे, पण पहाटे फडात उतरणाऱ्या ऊसतोड मजूर बाईला ना ती रजा मिळते ना ते पाळणाघर. तिचं बाळ तळावरच्या कोपीपाशी, म्हणजे झोपडीपाशी, मोठ्या भावंडाच्या हवाली असतं, आणि त्या भावंडाचं वयही सहा-सात वर्षांचं असतं. तळावर पाळणाघर हवं, तिथे चूल हवी आणि दिवसातून चार वेळा बाळाला भरवणारी पगारी बाई हवी. ऊसतोडीच्या करारात तोडणीच्या दराबरोबर हेही कलम आलं पाहिजे.