ओटीपी अडला की दुसरी वाट
पुण्यात स्वारगेटचं मेट्रो स्थानक जमिनीखाली आहे, २९ सप्टेंबर २०२४ पासून सुरू. अशा ठिकाणी रेंज गेली आणि ओटीपी अडला, तर पडद्यामागे जे घडतं ते मला फार आवडतं! चांगली यंत्रणा एसएमएस पाठवून थांबत नाही. मोबाईल कंपनीकडून 'पोचला' अशी पावती येते का, ते पाहते. ठरलेल्या सेकंदांत आली नाही, तर वायफायवरही चालणारं व्हॉट्सअ‍ॅप. तेही जमलं नाही, तर आकडे वाचून दाखवणारा फोन.

एसएमएसला आणखी एक अडसर असतो. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार मजकुराचा साचा आधी नोंदवावा लागतो. तो जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो.

'पुन्हा पाठवा' मात्र घाईने दाबू नका. बऱ्याच ठिकाणी नवा कोड निघताच जुना बाद होतो.